पाकिटातलं बेकन आणि टांगायचं बेकन
एकाने विचारलंय की पूर्वी बेकन (डुकराचं खारवलेलं मांस) फ्रीजशिवाय महिनोन्‌महिने टिकायचं, मग सुपरमार्केटचं पाकीट ट्रेकला का न्यायचं नाही? कारण वस्तूच वेगळी आहे. जुनं बेकन म्हणजे कोरड्या मिठात मुरवून, पाणी काढून, बरेचदा धुरी दिलेला अख्खा तुकडा. तो कापडात गुंडाळून गार, हवेशीर जागी टांगत. पाकिटातल्याला बहुधा मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलेलं असतं, वर पातळ कापलेलं. हवाबंद पाकीट उबेत राहिलं तर बोट्युलिनम जिवाणूला रान मोकळं, आणि त्याने तयार केलेलं विष वासावरून कळेलच असं नाही. त्यापेक्षा गोव्याचे ‘चोरीस’ (डुकराच्या मांसाचे सॉसेज) न्या: मीठ, मिरची, माडाचं व्हिनेगर, वर ऊन नि धूर. मात्र खडखडीत सुकलेलेच बघून घ्या, हल्ली ओलसरही विकतात. आणि कच्चे खाऊ नका, नीट शिजवा.