माती तीच, वाढवण्याची जागा बदला
बरीच प्रतिजैविकं मातीतले जिवाणूच बनवतात, म्हणून 'नवीन प्रतिजैविकं मिळत नाहीत तर आणखी ठिकाणची माती तपासा' असं सुचवलं जातं. पण अडचण मातीची नाही. पेट्री डिशमध्ये (प्रयोगशाळेतल्या चपट्या बशीत) मातीतले जेमतेम 1 टक्का जिवाणू वाढतात. तेच वाढवत राहिलं की स्ट्रेप्टोमायसिनसारखी जुनीच औषधं पुन्हापुन्हा हाती लागतात.

यावर बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातला आय-चिप हा सुरेख उपाय आहे. शेकडो बारीक छिद्रांची ही पट्टी. माती पाण्यात कालवून, आगर (जेलीसारखा पदार्थ) मिसळून इतकी पातळ करायची की दर छिद्रात सरासरी 1 पेशी यावी. दोन्ही बाजूंना अर्धपार पडदा लावून पट्टी परत मातीत पुरायची. अन्नद्रव्यं आत झिरपतात, जिवाणू मात्र अडकून राहतो. अशाने निम्म्याच्या आसपास पेशी वाढतात. सगळी गोम त्या पातळ करण्यात आहे. सरासरी 1 अचूक साधली तरी साधारण 37 टक्के छिद्रं रिकामी जातात आणि 26 टक्क्यांत एकाहून जास्त पेशी येतात, म्हणून वसाहती पुन्हा वेगळ्या कराव्याच लागतात.

2015 मध्ये जाहीर झालेलं टेक्सोबॅक्टिन हे प्रतिजैविक असंच सापडलं. ते प्रथिनाला नव्हे, तर जिवाणूच्या पेशीभित्तिकेच्या (पेशीभोवतीच्या भिंतीच्या) लिपिड-2 या कच्च्या मालाला चिकटतं. जनुकातल्या एखाद्या बदलाने तो माल बदलत नाही, त्यामुळे प्रतिकार सहजासहजी येत नाही. मात्र क्लेबसिएलासारख्या ग्रॅम-निगेटिव्ह (भित्तिकेबाहेर आणखी एक आवरण असलेल्या) जिवाणूंचं ते बाहेरचं आवरण त्याला आत शिरू देत नाही, आणि आपल्या आयसीयूंमध्ये खरी धास्ती त्यांचीच आहे.