मदत हवी आहे: कोल्हापुरात लोरिसची कवटी बघायला मिळेल का?

नमस्कार मंडळी, मुलगी विज्ञान प्रदर्शनासाठी लेमूरचा, म्हणजे मादागास्करमधल्या माकडासारख्या प्राण्याचा, जबडा बनवतेय. बहुतेक लेमूरांचे खालचे पुढचे सहा दात, चार पटाशीचे नि दोन सुळे, लांब, बारीक आणि जवळजवळ आडवे असतात. फणीसारख्या या दातांनी ते अंगावरचे केस विंचरतात, काही जाती झाडाचा डिंकही खरवडतात. दातांत अडकलेले केस काढायला जिभेखाली दातेरी टोकाची दुसरी जीभ! केवढी भारी सोय आहे ही.

शाहूपुरी कुंभार गल्लीतून शाडू आणलाय, पण एवढे बारीक दात वाळताना मोडतात. काय वापरावं? फोटोंवरून दातांचा कलही नीट कळत नाही. लेमूरचा नातलग असलेल्या दक्षिण भारतातल्या लोरिसलाही अशीच दातांची फणी असते, म्हणून त्याची कवटी बघायचीय. शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कुणाची ओळख आहे का? तिथं लोरिसची कवटी किंवा तिचा साचा असेल, तर विचारून सांगाल का?