प्रतिसाद: गोळ्या सुटतात त्या उसाच्या फडावर

वर एकांनी लिहिलंय, बरं वाटलं की पेशंट बीपीच्या गोळ्या सोडतात, समजावून सांगितलं की झालं. हे अर्धंच खरं. आमच्या बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. आरोग्य केंद्रात गोळ्या साधारण महिन्याच्या मिळतात. पुढच्या आणायला जावं तर खाडा होतो, अन् मुकादम त्याचे पैसे कापतो! निघण्याआधीच आशाताईंकडून बीपीच्या पेशंटची यादी घेऊन दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आणि गोळीचं नाव, डोस लिहिलेलं कार्ड द्यायला हवं.

दुसरं, अंगदुखीच्या गोळ्या. मोळ्या वाहून कंबर धरते, मग डायक्लोफिनॅक रोजचीच. तिनं बीपी चढतं. सोबत टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी असेल तर किडनीलाही धोका. बीपी 140/90 च्या खाली येईना म्हणून डोस वाढवण्याआधी अंगदुखीची गोळी चालू आहे का, एवढं विचाराच. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्याच दुसऱ्या गोळीनं पाय सुजले की बाया गुपचूप गोळी बंद करतात. बदलून मिळते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मिठाचं काय, दिवसाला 5 ग्रॅमच्या आत म्हणणं सोपंय. भाकरी-ठेच्यावर दिवस काढणाऱ्याला नेमकं काय कमी करायला सांगणार?