मदत हवी आहे: चाळिशीनंतर न्यू जर्सीत एलपीएनचं शिक्षण

अबोली_एडिसन

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ राहते. वय ४१. एम.कॉम. झालंय, लग्नाआधी सांगलीकडे एका सहकारी बँकेत काउंटरला होते. इथे आल्यावर एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर) घरी, मग मुलं, आणि आता एकदाचं ग्रीनकार्ड हातात पडलंय. सध्या ज्येष्ठांच्या एका अ‍ॅडल्ट डे केअरमध्ये अ‍ॅक्टिव्हिटीचं काम करते. सकाळी व्हॅनमधून आजी-आजोबा येतात, मग चहा-नाश्ता, भजनं, हाउजी, जेवण, आणि दुपारी परत घरी. बहुतेक गुजराती, थोडे आपले मराठी.

तिथे एक एलपीएन आहे, म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. बीपी, साखर, गोळ्या, पायाच्या जखमेचं ड्रेसिंग, सगळं तिच्याकडे. एका आजोबांची साखर ५८ वर आली तेव्हा आम्ही बाकीचे नुसते गोंधळ घालत होतो. तिने ज्यूस पाजला, पंधरा मिनिटं शेजारी बसली, पुन्हा बोट टोचून साखर बघितली आणि मग डॉक्टरांना फोन केला. तेव्हापासून हे काम शिकावं असं डोक्यात बसलंय.

माझ्यापुढे दोन शाळा आहेत. एक काउंटीची (म्हणजे इथल्या जिल्ह्याची) टेक्निकल शाळा: फी आवाक्यातली, वर्ग दिवसाचे, टीज नावाची प्रवेश परीक्षा, आणि प्रवेश मिळालाच तर सुरुवात सप्टेंबरला. दुसरी खासगी: फी ३० हजार डॉलरच्या वर, संध्याकाळचे वर्ग, 'पुढच्याच महिन्यात सुरू करा' म्हणतात. तिथला माणूस रोज फोन करतो. इतक्या आपुलकीने माझी सख्खी बहीणही फोन करत नाही.

माझे प्रश्न असे. एलपीएन करण्यात अर्थ आहे का, की सरळ आरएनच्या (रजिस्टर्ड नर्स, वरची पायरी) मागे लागावं? फाफ्सा (सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज) भरून काही मदत मिळते का? या कामात दिवस नक्की कसा जातो? सासूबाई फोनवर म्हणाल्या, 'एम.कॉम. होऊन लोकांचे बेडपॅन काढणार का?' त्याचं मला काही नाही, वडिलांच्या आजारपणात सगळं केलंय. भीती आहे ती विज्ञानाची. दहावीनंतर मी जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही.

---

चहाटळ

जरूर करा ताई, शुभेच्छा. सासूबाईंना सांगा, इथे नर्सला इंजिनिअरपेक्षा जास्त मान आहे. मी इंजिनिअर आहे, अनुभवाने सांगतोय.

---

रात्रपाळी

अबोलीताई, मी शेजारच्या पेनसिल्व्हेनियात एलपीएन आहे, नर्सिंग होममध्ये. नावावर जाऊ नका, हल्ली संध्याकाळच्या शिफ्टला असते.

दिवस कसा जातो ते सांगते, कारण हे शाळेच्या माहितीपत्रकात कधीच नसतं. तीनला पोचायचं, आधीच्या नर्सकडून रिपोर्ट घ्यायचा, तिच्याबरोबर नार्कोटिक गोळ्या एकेक मोजून सही करायची. मोजणी जुळल्याशिवाय कपाटाची किल्ली हातात घ्यायची नाही, हा पहिला धडा. मग औषधांची गाडी घेऊन निघायचं. माझ्याकडे पंचवीस-तीस रेसिडेंट, म्हणजे तिथे राहणारे पेशंट, असतात. कुणाला गोळी गिळता येत नाही, ती कुटून अ‍ॅपलसॉसमधून द्यायची. पण लाँग अ‍ॅक्टिंग गोळी कुटायची नसते, हे डोक्यात पक्कं हवं. जेवणाआधी साखर आणि इन्सुलिन. कुणाला पोटातल्या नळीतून फीड. मध्येच कुणी पडतं. मग बीपी-नाडी बघा, आरएन सुपरवायझरला बोलवा, डॉक्टरांना कळवा, घरच्यांना फोन करा, रिपोर्ट लिहा. तोवर गाडीवरच्या निम्म्या गोळ्या तशाच. आणि हे सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं ते वेगळंच.

बेडपॅनचं म्हणाल तर ते मुख्यतः सीएनए, म्हणजे नर्सच्या मदतनीस, करतात. पण बेल वाजतेय आणि नर्स 'माझं काम नाही' म्हणून पुढे गेली, तर सीएनए तिला दुसऱ्या दिवसापासून ओळखही दाखवत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय तुमची शिफ्ट निघत नाही.

नवीन पेशंट आला की पहिली पूर्ण तपासणी आणि केअर प्लॅन हे आरएनचं काम. आपण माहिती गोळा करायची, बदल दिसला की कळवायचं. शिरेतून द्यायच्या औषधांचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे. ही चौकट मान्य असेल तरच या वाटेला या. काहींना सतत 'आरएनला विचारते' म्हणणं जड जातं.

विज्ञानाची भीती बाळगू नका, खरी माणसं गळतात ती औषधांच्या हिशोबात. त्या चाचणीला नेहमीचे पासिंगचे मार्क चालत नाहीत, बऱ्याच शाळा ९० टक्के किंवा त्याहून जास्त मागतात. हिशोब असतात साधेच. डॉक्टरांनी डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध ०.२५ मिलिग्रॅम लिहिलंय, गोळी ०.१२५ ची आहे, किती द्याल? दोन. पण त्याआधी छातीला स्टेथोस्कोप लावून मिनिटभर ठोके मोजायचे, साठच्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं. गणित येऊन भागत नाही, हे पुढचंही यावं लागतं. वजन पाउंडात, डोस किलोवर, म्हणून भागिले २.२. बँकेत काउंटर सांभाळलेल्या बाईला हे अवघड नाही.

---

ह्यूस्टनकर

मी टेक्सासात आरएन. इथे एलपीएनला एलव्हीएन म्हणतात, कॅलिफोर्नियातही तेच. लायसन्सची परीक्षा एकच, एनक्लेक्स-पीएन.

माझं मत थोडं वेगळं आहे. तुमच्याकडे पदवी आहे, ग्रीनकार्ड आहे. कम्युनिटी कॉलेजमधलं दोन वर्षांचं आरएन आधी तपासा. त्याआधी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी वगैरे विषय पूर्ण करावे लागतात, म्हणून प्रत्यक्षात तीन वर्षं धरा. आधीची पदवी असणाऱ्यांसाठी वर्ष-दीड वर्षाचं झटपट बीएसएनही (नर्सिंगची पदवी) असतं. पण ते महाग, आणि त्या काळात नोकरी जवळजवळ अशक्य.

फरक पैशात दिसतो. अमेरिकन कामगार खात्याच्या मे २०२४ च्या आकड्यांत एलपीएनचा मधला वार्षिक पगार ६२,३४० डॉलर आहे आणि आरएनचा ९३,६००. शिवाय मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात जायचं असेल तर बहुतेक ठिकाणी आरएनच लागतं. एलपीएनला जागा आहेत त्या मुख्यतः नर्सिंग होम, होम केअर, दवाखाने आणि तुमच्यासारखी डे केअर सेंटर्स इथे.

एलपीएन करून पुढे ब्रिज कोर्सने आरएन होता येतं, पण खासगी शाळेतले तास कॉलेज क्रेडिट म्हणून धरले जातीलच असं नाही. मी अशी माणसं पाहिलीत ज्यांना आधीचं शिक्षण असूनही पहिल्या विषयापासून सुरू करावं लागलं. प्रवेश घेण्याआधी, पुढे ज्या कॉलेजात जायचंय त्यांनाच विचारा, 'या शाळेचं तुम्ही काय धरता?' उत्तर ईमेलवर घ्या.

---

रात्रपाळी

ह्यूस्टनकर, पैशाचं बरोबर, पण घरात दोन शाळकरी मुलं आणि आधीचे विषय एकेक करत बसलं की त्या तीन वर्षांची पाच होतात, हेही बघितलंय. एलपीएनने वर्षभरात पगार सुरू होतो आणि हे काम आपल्याला झेपतंय का ते कळतं. मुख्य म्हणजे अबोलीताईंना हॉस्पिटलात जायचंय असं त्यांनी कुठेच म्हटलेलं नाही. त्यांना डे केअरमधल्या त्या नर्ससारखं व्हायचंय.

---

शंकेखोर

त्या रोज फोन करणाऱ्या माणसाबद्दल. शाळेचं नाव घेऊन आधी राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या यादीत बघा. बोर्डाची मान्यता नसेल तर एनक्लेक्सला बसूच देणार नाहीत. मग त्या शाळेतली किती मुलं पहिल्या प्रयत्नात एनक्लेक्स पास होतात ते बघा. हे आकडे सहसा बोर्ड स्वतःच प्रसिद्ध करतं, शाळेच्या तोंडून ऐकायची गरज नाही. एक प्रश्न हमखास विचारा: नर्सिंग होम आणि हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष काम कुठे देणार, आणि त्या जागांशी आज करार आहे का? उत्तरात 'लवकरच' आलं तर फोन ठेवून द्या.

जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडात मोठं प्रकरण बाहेर आलं होतं, ऑपरेशन नाइटिंगेल. दक्षिण फ्लोरिडातल्या तीन शाळांमधून ७,६०० हून जास्त खोट्या नर्सिंग पदविका विकल्या गेल्याचा सरकारचा आरोप होता. आरएनच्या होत्या, तशाच एलपीएनच्याही. त्यानंतर कित्येक राज्यांनी लायसन्स तपासायला घेतली. तुमची खासगी शाळा तसली आहे असं मी म्हणत नाही. पण घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

फाफ्साबद्दल वाईट बातमी. ग्रीनकार्डवर तुम्ही फेडरल मदतीला पात्र आहात, पण परत न करायची जी पेल ग्रँट, ती आधी पदवी घेतलेल्यांना मिळत नाही, आणि परदेशी पदवीही सहसा पदवीच धरतात. कर्ज मिळू शकेल. म्हणजे ३० हजारांचा विचार कर्ज म्हणूनच करा.

---

अबोली_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. पेल ग्रँटचं त्या माणसाने एकदाही सांगितलं नव्हतं, उलट 'फाफ्सामधून सगळं होऊन जाईल' असंच चाललं होतं. बोर्डाची यादी बघितली, शाळा यादीत आहे. पण पास होणाऱ्यांचं प्रमाण काउंटीच्या शाळेपेक्षा बरंच कमी आहे. तेव्हा आता काउंटीचीच.

नवीन शंका. टीबीची चाचणी लागते म्हणे. मला लहानपणी बीसीजी दिलेली आहे, दंडावर वण आहे. इथे हातावर टोचून चाचणी केली तर ती पॉझिटिव्ह येते असं मैत्रीण म्हणाली. मग प्रवेश नाकारतात का?

---

रात्रपाळी

नाही. आपल्याकडच्या पुष्कळ लोकांचं असंच होतं. बीसीजीमुळे हातावरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्तातून करायची चाचणी मागून घ्या, क्वांटिफेरॉन वगैरे, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. तीही पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे काढतात आणि डॉक्टर पुढचं ठरवतात. शरीरात सुप्त टीबी असणं म्हणजे आजार पसरवणं नव्हे, त्यावर गोळ्या असतात.

दुसरं म्हणजे गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्या यांच्या लशींचे कागद मागतात. भारतातले कागद कुणाकडेच नसतात. रक्तातली प्रतिकारशक्ती तपासून घ्या, नसेल तर लस. हिपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, म्हणून ते आत्ताच सुरू करा. बोटांचे ठसे, पोलीस तपासणी, ड्रग टेस्ट, सीपीआरचं कार्ड हे सगळं शाळा यादी देते त्याप्रमाणे.

आणि सप्टेंबरपर्यंत वेळ आहे तर सीएनए करून बघा. नर्सिंग होमने नोकरी दिली किंवा देऊ केली असेल तर ते प्रशिक्षणाचे पैसे तुमच्याकडून घेऊ शकत नाहीत, फेडरल नियम आहे. पाठ धरेल, पण माणसाला बिछान्यावर वळवायचं कसं हे तिथे जसं कळतं तसं वर्गात नाही कळत.

---

मिरजेची_मुलगी

अबोलीताई, धाग्यात घुसतेय, माफ करा. मी मिरजेत जीएनएम (नर्सिंगची पदविका) केलंय, आयसीयूचा अनुभव आहे. लग्न होऊन न्यू जर्सीतच आले. सध्या एच-४, ईएडी (कामाचा परवाना) अजून नाही. मीही एलपीएन करू का?

---

ह्यूस्टनकर

तुम्ही अजिबात करू नका! जीएनएम म्हणजे तीन वर्षांचं पूर्ण नर्सिंग. तुमची कागदपत्रं तपासून घ्या. सीजीएफएनएस म्हणायचे ती संस्था, आता ट्रूमेरिट नाव आहे. शाळेकडून आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून कागद थेट त्यांच्याकडे जावे लागतात, तुम्ही पोस्टाने पाठवून चालत नाही. तिकडे माहेरचं कुणीतरी कौन्सिलच्या मागे लागणारं हवं, नाहीतर फाइल हलत नाही. पात्र ठरलात की थेट एनक्लेक्स-आरएन.

एच-४ वर शिकता येतं, नोकरी ईएडीशिवाय नाही. लायसन्सच्या अर्जात बरीच राज्यं सोशल सिक्युरिटी नंबर मागतात आणि ईएडी नसलेल्या एच-४ ला तो सहसा मिळत नाही. न्यू जर्सी बोर्डाला आधी लेखी विचारा. अवांतर: नर्स म्हणून ग्रीनकार्डची जी सोपी वाट सांगतात ती आरएनसाठी आहे, एलपीएन त्या यादीत नाही.

---

अबोली_एडिसन

मिरजकर भेटल्याचा आनंद झाला, मेसेज करते.

शेवटचं विचारते. टीजची तयारी कुठून सुरू करू? आणि वर्ष संपल्यावर ती एनक्लेक्स कशी असते?

---

रात्रपाळी

टीजमध्ये वाचन, गणित, विज्ञान, इंग्रजी असे चार भाग, एकूण १७० प्रश्न, २०९ मिनिटं. गणिताला कॅल्क्युलेटर देतात, ते तुम्ही सहज कराल. अर्ध्याहून जास्त वेळ विज्ञानाला द्या, आणि त्यातही शरीररचनेला. हृदयातून रक्त कसं फिरतं आणि मूत्रपिंड काय करतं हे कागदावर चित्र काढून स्वतःला समजावता आलं की मग पुढे सरका. वाचनाच्या भागात वेळ पुरत नाही, तो घड्याळ लावूनच करा.

एनक्लेक्स-पीएन ८५ प्रश्नांनंतर कधीही थांबू शकते, जास्तीत जास्त १५० पर्यंत जाते. पाच तास मिळतात. २०२३ पासून त्यात एकाच पेशंटवरचे सलग प्रश्न असतात, नोंदी वाचून काय बिघडतंय ते ओळखायचं. बरेच प्रश्न 'आधी कुणाकडे जाल' या तऱ्हेचे. चौघांची नावं देतात, चौघांनाही काहीतरी होतंय, आणि तुम्ही एकट्या. नापास झालं तर ४५ दिवसांनी पुन्हा देता येते. पण टीजचं पुस्तक वाचनालयात मिळतं, आधी ते आणा.