मदत हवी आहे : स्मिथसोनियन वाहिनी केबलशिवाय कशी पाहावी?

नमस्कार मंडळी. एसटीच्या कार्यशाळेत हयात घालवलेले माझे वडील गेल्या महिन्यात वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संस्थेच्या हवाई व अंतराळ संग्रहालयात राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानाची, पंखे फिरवणारी सायकलसारखी साखळी न्याहाळत बराच वेळ उभे होते, आणि तेव्हापासून त्यांना त्याच संस्थेशी संलग्न असलेली, २००७ मध्ये सुरू झालेली माहितीपटांची वाहिनी पाहायची आहे. आमच्याकडे न्यू जर्सीत केबल नाही. या वाहिनीचे बरेच माहितीपट पॅरामाउंट प्लस या इंटरनेटवरच्या सेवेवर मिळतात. पण वडिलांना शोधाशोध जमत नाही, टीव्ही सुरू केला की वाहिनी लागलेली हवी. तिचे थेट प्रक्षेपण कोणत्या इंटरनेट सेवेवर मिळते, आणि ते साताऱ्याला परतल्यावर तिथे रीतसर पाहता येईल का, हे कृपया सांगावे.