विंडोज रीसेट अर्धवट राहिलं, पीसी सुरूच होत नाही. आधी ड्रॉइंग्ज कशी बाहेर काढू?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरला आमचं पॅटर्न शॉप आहे. फाउंड्रीवाल्यांना लाकडी आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न (वाळूत साचा उठवायचे नमुने), कोअर बॉक्स (कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा पाडायच्या पेट्या) करून देतो. शॉपमधला पीसी अडकलाय आणि बाबांची सगळी ड्रॉइंग्ज त्यात आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पीसी असेंबल केलेला. सातव्या जनरेशनचा आय-५, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. फारच स्लो झाला होता, म्हणून 'रीसेट धिस पीसी'मधून 'कीप माय फाइल्स' निवडून रीसेटला लावला. निम्म्याच्या पुढे गेला असेल नसेल, लाईट गेली. यूपीएसनं थोडा वेळ तग धरला, मग तोही बसला. तेव्हापासून चालू केला की 'विंडोज इन्स्टॉलेशन कॅनॉट प्रोसीड' असा मेसेज येतो. ओके दाबलं की रीस्टार्ट, आणि परत तोच मेसेज.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, डिस्क नावासकट दिसते. डिस्कचा टकटक असा आवाज नाही. डी ड्राइव्हवर टॅली आहे, त्याचा बॅकअप आहे. ड्रॉइंग्ज मात्र सी ड्राइव्हवर, डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये, पार्टीच्या नावानं लावलेली. त्यांचा बॅकअप गेल्या दिवाळीपर्यंतचाच आहे.

ड्रॉइंग पार्टीकडून परत मागून घ्या, असं कुणी सुचवेल. पण पार्टी देते ते तयार पार्टचं ड्रॉइंग. बाबा त्यावर श्रिंकेज, म्हणजे थंड होताना धातू आकसतो ते, धरतात, ग्रे आयर्नला साधारण १ टक्का, म्हणजे ५०० मिमीला ५ मिमी जास्त. मग मशीनिंगला माल सोडायचा, पॅटर्न वाळूतून सहज निघावा म्हणून बाजूंना थोडा उतार, म्हणजे ड्राफ्ट, द्यायचा. पहिलं कास्टिंग ओतून आलं की कुठं कमी पडलं, कुठं जास्त झालं ते मोजून आकडे पुन्हा दुरुस्त करायचे. हे दुरुस्त केलेले आकडे फक्त या फाइलींत आहेत. पॅटर्न झिजून दुरुस्तीला आला की त्यांच्यावाचून काम अडतं.

एका दुरुस्तीवाल्यांना विचारलं, तर 'फॉरमॅट मारून नवीन टाकतो, डेटाची गॅरंटी नाही' म्हणाले. तसं मला करायचं नाही. आधी फाइली, मग विंडोज. घरच्या लॅपटॉपवरून काही करता येईल का? आणि रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत) एक आकडा बदलला की हा मेसेज जातो असं वाचलं, ते आत्ता करावं का?

प्रतिसाद १

भावा, रजिस्ट्रीला आत्ता हात लावू नकोस. त्यानं लूप सुटतो कधीकधी, पण अर्धवट सेटअप पुढं सरकला की डिस्कवर नवीन लिहिलं जातं. चेकडिस्कही (विंडोजची डिस्क-दुरुस्ती) नको, तीही डिस्कवर लिहिते.

लॅपटॉपवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट तयार कर, ही विंडोजऐवजी थेट पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टीम आहे. पेनड्राइव्ह पुसला जातो, तेव्हा रिकामाच घे. त्यावरून पीसी बूट कर. इन्स्टॉलचं चिन्ह दिसेल, ते दाबायचं नाही. फाइल मॅनेजरमध्ये सी ड्राइव्ह उघड. युजर्समध्ये काही नसलं तर घाबरू नकोस, 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डरमध्ये बघ. रीसेट आणि री-इन्स्टॉलमध्ये जुना माल बहुतेक तिथं जातो. ड्राइव्ह उघडायला नकार दिला तर फक्त वाचण्यापुरता, म्हणजे रीड-ओन्ली माउंट कर. ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करत असाल तर ती त्या अकाउंटमध्ये सापडते.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. लिनक्स नको असेल तर डिस्क काढून साटा-टू-यूएसबी केबलनं लॅपटॉपला लावा. ३.५ इंची डिस्क असेल, तर वेगळा पॉवर ॲडॉप्टर असलेलीच केबल घ्या, लॅपटॉपच्या यूएसबीवर ती फिरत नाही. लॅपटॉपनं 'फॉरमॅट करायचं का' विचारलं तर कॅन्सल. फोल्डर कुठंच दिसला नाही तर पुसलेल्या फाइली शोधणारे टेस्टडिस्क, फोटोरेक हे प्रोग्राम आहेत, फुकट आहेत. साधी डिस्क आहे हे नशीब, एसएसडीवर ट्रिम चालतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा ती स्वतःच साफ करते, मग पुसलेलं परत मिळणं अवघड.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मिंटवरून बूट केलं. युजर्समध्ये नुसती रिकामी फोल्डर होती, 'विंडोज डॉट ओल्ड'मध्ये डेस्कटॉप जसाच्या तसा सापडला. सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं, एक प्रत लॅपटॉपवरही ठेवली. चार-पाच डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फाइली) उघडून बघितल्या, बाबांनी आकडे ताडून पाहिले, बरोबर आहेत.

आता पुढचं विचारतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सातव्या जनरेशनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. शॉपमध्ये इंटरनेट लागतं ते पार्टीचे मेल बघायला आणि जीएसटीला. ऑटोकॅड जुनंच ठेवायचंय. हा पीसी नेटपासून तोडून फक्त ड्रॉइंगला ठेवावा आणि मेलसाठी दुसरा घ्यावा, की एसएसडी टाकून यातच काही जमेल? उद्यमनगरात असा सेटअप कुणी चालवत असेल तर सांगा, येऊन बघतो.