मदत हवी आहे: सोलर गटाचं सामाजिक मूल्य, म्हणजे गावाला झालेला फायदा, रुपयांत कसं काढायचं? (खानापूर, जि. बेळगाव)

खानापूर_गट: सोमवारी देणगीदारांना आकडा द्यायचाय. पंप आणि गिरणी दोन्ही सोलरवर. वाचलेलं वीजबिल लिहून दिलं तर कागद परत आला. मग धरायचं काय? लवकर सांगा.

निपाणीवाला: पंप किती एचपी? आधी कनेक्शन होतं? सभासद किती?

खानापूर_गट: साडेसात. कनेक्शन होतंच की. १४ शेतकरी, गिरणीला ४० घरं.

मलप्रभाकाठ: मग बिल वाचलं कुठं? कर्नाटकात १० एचपीपर्यंत शेतीपंपाला वीज मोफत, घरगुतीला २०२३ पासून गृहज्योती, म्हणजे ठरावीक युनिटपर्यंत मोफत विजेची योजना. पंपाचं खरं मोल दिवसा पाणी पाजण्यात आहे. थ्री फेज रात्री आली की हातात टॉर्च घेऊन बांधावर जावं लागायचं. त्या टळलेल्या रात्री पाण्याच्या पाळीच्या वहीवरून मोजा, प्रत्येक शेतकऱ्याच्या वेगळ्या.

हिरवा_हिशोब: टळलेला कार्बन धरा, सोपं आहे. ग्रिडच्या विजेच्या युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. युनिट काढायला पॅनेलचे किलोवॉट गुणिले रोजचे ४ युनिट गुणिले ३६५ दिवस.

मलप्रभाकाठ: ३६५ कसे? खानापूरच्या पावसात पंप चार महिने बंद असतो. पंपाच्या कंट्रोलरवरचं युनिटचं रीडिंगच घ्या. गिरणी आधी डिझेलची असेल तर ०.७ लागू नाही. लिटरला सुमारे २.७ किलो धरा.

सौरमित्र: हेस्कॉमकडं (वीज कंपनीकडं) नेट मीटरिंगचा अर्ज केलाय का? उरलेली वीज विकता येते.

खानापूर_गट: ते नकोय हो आत्ता! डिझेलचीच होती, पण शेजारच्या गावात.

बचतगट_ताई: मग गिरणीत बायकांचा वेळ मोजा, दादा. समजा घरटी महिन्याला २ खेपा, खेपेमागं २ तास वाचले: ४० × २ × १२ × २ = १,९२० तास. बाजारला जाता जाता दळण टाकणाऱ्या बायका असतातच, त्यांचा वेळ वाचलेला नाही. त्या चौथा हिस्सा निघाल्या तर उरले १,४४०. तासाला ४० रुपये धरून ५७,६०० रुपये. दळणाचे पैसे यात मिसळू नका, ते सभासदांच्याच एका खिशातून दुसऱ्यात जातात.

निपाणीवाला: तासाला ४० रुपये कुठून आणले? रोजगार हमीचा दर घ्या, सरकारी कागद दाखवता येतो.

बचतगट_ताई: कागद दाखवता येईल, पण गावात भांगलणीला बाईला हातात पडते ती मजुरी खरी. ४० उदाहरणाला धरले. दोन्ही दरांनी काढा आणि दोन्ही आकडे द्या.

खानापूर_गट: गिरणीच्या वहीत नुसते किलो आहेत, खेपा नाहीत.

बचतगट_ताई: ओळी मोजा. एक ओळ म्हणजे एक डबा, एक खेप. एकाच नावाच्या एका दिवसात दोन ओळी असतील तर एकच धरा.